घरी कधी सोडायचं ते आखूड पाय सांगायचा

मी स्टूल बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, बोलायला लावलंय. दर वर्षी नर्सिंग शिकणाऱ्या पोरींची नवी तुकडी येते, मोठ्या सिस्टर मला खोलीच्या मधोमध ओढतात आणि म्हणतात, "आजोबा, सांगा यांना." मग एकेक पोर माझ्यावर चढते, उतरते, आणि मी या वयात टक टक करत बसतो. आज एकदाच काय ते सगळं सांगून टाकतो, म्हणजे रोजची कटकट नको. मी शिकलेला नाही. अक्षरं मला येत नाहीत. आकडे तेवढे कळतात, तेही पलंगांवर रंगवलेले असायचे म्हणून. गोड गोड ऐकायला आला असाल तर पुढच्या दाराला जा.

दिसायला मी काही खास नाही. लोखंडाची चौकट, वर खडबडीत पत्रा, चार पाय. उंची माणसाच्या गुडघ्याच्या निम्मी. बाळंतिणींच्या वॉर्डात पलंग उंच असायचे. पोटावर टाके घातलेली बाई एवढ्या उंचावरून एकदम जमिनीवर पाय टाकू शकत नाही. ती आधी माझ्यावर पाय ठेवते. चढतानाही तसंच. एवढंच माझं काम.

पलंग माझे सख्खे भाऊ. आमचं लोखंड एक, आमचा वेल्डर एक. त्याने आधी दहा पलंग केले, आणि खाली जे तुकडे उरले त्यांतून मला जोडलं. तीन पाय बरोबर कापले. चौथ्याला तुकडा पुरला नाही, अर्धं बोट कमी पडलं. त्याचा जोडीदार म्हणाला, "अरे, हा आखूड झाला." वेल्डर म्हणाला, "पलंगाखाली तर जाणार आहे. कोण बघतंय?" हे माझं बारसं.

भावांना काय मिळालं ते ऐका. गादी मिळाली. उशाशी आकडा मिळाला. पायांना चाकं मिळाली आणि चाकांना काळं, जाड रबर मिळालं. मी अनवाणी. वॉर्डातली झाडणारी मावशी मला हाताने कधी उचलायची नाही, पायानेच ढकलायची, एक नंबरवरून तीनवर, तीनवरून नऊवर. फरशीवर माझं लोखंड किंचाळायचं आणि सगळे कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघायचे. पलंग सरकला तर आवाज नाही. पाळणा सरकला तर आवाज नाही. सगळ्यांना बूट, मलाच नाहीत.

आणि ती चाकाची खुर्ची. तिचं नाव काढलं तरी आजही मला ठणक लागते. बाई पाच दिवस माझ्यावर पाय ठेवून ठेवून चालायला शिकणार, आणि घरी जायच्या दिवशी मात्र बसणार खुर्चीत. मांडीवर बाळ, मागे नवरा पिशव्या घेऊन, पुढे आई रस्ता मोकळा करत. फोटो काढायचे ते खुर्चीतले. खुर्चीने फाटक पाहिलंय, गाड्या पाहिल्यात, घरी जाणाऱ्या बायकांचे चेहरे उन्हात पाहिलेत. मी वॉर्डाचा उंबरा ओलांडलेला नव्हता. ती परत यायची तेव्हा तिच्या रबराला बाहेरची माती असायची. मला ते रबरही हवं होतं आणि ती मातीही.

पण एका गोष्टीत मी सगळ्यांच्या वर होतो. ते मोठ्या सिस्टरांमुळे.

सिस्टर तेव्हा मोठ्या नव्हत्या, वॉर्डात नव्यानेच आल्या होत्या. बुटक्या, कडक, आणि कानाने तिखट. त्यांनी महिन्याभरात माझी खोड हेरली. मी तीन पायांवर उभा असतो. कोणी पूर्ण भार टाकला की चौथा आखूड पाय जमिनीला लागतो, टक. भार निघाला की पुन्हा वर, टक. बाई न घाबरता, दुखणं न चुकवता उभी राहिली तर पाय ठेवताना एकच स्वच्छ टक येतो. पाय ठेवला, घाबरून उचलला, पुन्हा ठेवला, तर टकटकटक. टाक्यांना जपत एका अंगावर झुकली तरी सिस्टरांना कळायचं.

मग त्यांनी स्वतःचा कायदा केला. सिझेरियन झालेली बाई घरी कधी जाणार? ताप नाही ना, जखम कोरडी आहे ना, बाळ नीट पितंय ना, हे सगळं त्या बघायच्याच. पण शेवटचा शब्द माझा. कोणाचा हात न धरता तीनदा उतरायचं, तीनदा चढायचं. आणि ते चालू असताना सिस्टर बाईकडे पाठ करून टेबलाशी लिहीत बसायच्या.

एकदा एका शिकाऊ नर्सने विचारलं, "सिस्टर, तुम्ही बघत का नाही?"

"बघितलं की त्या हसतात," सिस्टर म्हणाल्या. "घरी जायचं असलं की बाई कशीही हसते. पायाला हसता येत नाही."

राउंडला डॉक्टर यायचे आणि विचारायचे, "काय, कोणाकोणाला सोडायचं?" सिस्टर म्हणायच्या, "आजोबांना विचारलंय. चार नंबर आज, नऊ नंबर परवा." डॉक्टर हसायचे आणि सही करायचे. कोणी तिसऱ्या दिवशी गेली, कोणी पाचव्या, एक तर आठव्या. मी बोललो की सही. दहा भाऊ, एक पाळणा, एक खुर्ची, यांतल्या कोणाला डॉक्टर काही विचारत होते? पलंगांची तोंडं तेव्हा बघण्यासारखी व्हायची.

माणसंही काही कमी नाहीत. भेटायला येणाऱ्या बायकांचं बोलणं ऐका.

"आमच्या वेळी आठ दिवस हलू द्यायचे नाहीत."

"आठ? मला दहा ठेवलं होतं."

"आमच्या ऑफिसातली एक तर तिसऱ्या दिवशी घरी. आणि चौथ्या दिवशी कपडे वाळत घालत होती."

"काहीतरीच काय. सासूनेच सांगितलं असेल तिच्या."

जास्त राहिली तीही मोठी, लवकर गेली तीही मोठी. जी पलंगावर पडलीय ती मात्र मनात मोजत बसते, की आपण यातल्या कुठल्या.

आता सात नंबरचं सांगतो. त्यासाठीच तर मला बसवलंय.

सात नंबरची बाई शाळेत शिकवायची. दुसरं बाळंतपण, सोमवारी सिझेरियन, मुलगा झाला. घरी तीन वर्षांची मुलगी, आजीजवळ ठेवलेली. ती आजवर आईशिवाय झोपली नव्हती. रोज संध्याकाळी फोनवर एकच प्रश्न.

"आई, किती झोपा?"

सोमवारी आत जाताना आईने सांगून ठेवलं होतं, "तीन झोपा झाल्या की आलेच मी." पोरीने ते बोटांवर धरून ठेवलं. मंगळवारी, "आता दोन ना?" बुधवारी, "उद्या ना?" फोन ठेवला की बाई भिंतीकडे तोंड करायची.

मला त्या बाईचाही हेवा वाटायचा, लपवत नाही. माझ्यासाठी कोणी कधी झोपा मोजल्या?

तिचा नवरा. त्याला नर्सा मिस्त्री म्हणायच्या. खरं तर तो कुठल्याशा कंपनीत यंत्रं दुरुस्त करायचा, पण हातांना उसंत नाही. पहिल्या दिवशी त्याने गळका नळ बंद केला. दुसऱ्या दिवशी पडद्याची दांडी बसवली. खिशात कायम एक छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि घडीचा चाकू. बायकोचा हात धरून बसायला सांगितलं तर घाम फुटायचा, पण दाराची बिजागरी कुरकुरली की चेहरा उजळायचा. माणूस वाईट नव्हता. हे मी मोठ्या मनाने म्हणतोय असं समजू नका. आहे ते सांगतोय.

गुरुवार उजाडला. सहा नंबरच्या बाईचं सिझेरियनही सोमवारचंच, सात नंबरनंतर दोन तासांनी. सिस्टरांनी पाठ केली, सहा नंबर उतरली, टक. चढली, टक. तिन्ही वेळा स्वच्छ. "जा बाई घरी," सिस्टर म्हणाल्या. खुर्ची आली, फोटो झाले, सहा नंबर गेली. सात नंबर तिच्या रिकाम्या गादीकडे बघत राहिली. तशी नजर मी ओळखतो. आयुष्यभर तीच माझी नजर.

मग मावशीने मला पायाने सातला ढकललं. बाई उतरली. उजवा पाय ठेवला, ठीक. डावा ठेवला आणि लगेच अर्धा उचलला. टकटक. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच.

सिस्टर पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आजोबा दोनदा बोलले. उद्या बघू."

"सिस्टर, मी बरी आहे हो. माझी मुलगी..."

"डावा पाय दुखतोय का?"

"नाही. जरा दमले."

दमली नव्हती. मला तळवा कळतो. टाक्यांनी घाबरलेली बाई पुढे वाकते, पण दोन्ही टाचा टेकवते. हिची डावी टाच टेकतच नव्हती. पोटरी ताणू नये म्हणून. हे टाक्यांचं नव्हतं.

संध्याकाळी फोन आला. चौथी झोप कशी समजवायची? बाईने प्रयत्न केला. पलीकडे आजीने फोन घेतला, "जेवली नाही ती. तू उद्या ये म्हणजे झालं." बाईने फोन ठेवला आणि मिस्त्रीला म्हणाली, "तू काहीतरी कर."

आता मिस्त्रीने काय करावं? सिस्टरांना विनवावं, डॉक्टरांशी बोलावं, बायकोला विचारावं की बाई गं, खरंच काही दुखतंय का. यातलं काही त्याला जमणारं नव्हतं. त्याने मला उलटं केलं. चारही पायांवर बोट फिरवलं, आखूड पायावर थांबला, आणि हसला.

"हे बघ. स्टूलच लंगडं आहे. लंगड्या स्टुलावर चढवून माणसाची परीक्षा घेतात. तुझा काय दोष?"

त्याने पायातली चप्पल काढली, स्वतःची, चांगली होती. टाचेचा जाड तुकडा चाकूने कापला, मापात बसवला, माझ्या आखूड पायात घट्ट ठोकला. मला सरळ उभं करून वर हात दाबला. आवाज नाही. "झालं," तो म्हणाला. "बाळही दचकणार नाही आता." आणि एक टाच नसलेली चप्पल घालून तो लंगडत घरी गेला.

मला काय वाटलं ते विचारा. मी हुरळलो. जन्मात पहिल्यांदा मला कोणी काही दिलं होतं. बूट दिला होता, तोही स्वतःच्या पायातला कापून. चारही पाय जमिनीला लागले. मी भावांकडे बघितलं, म्हटलं, आता बोला.

शुक्रवारी सकाळी सिस्टर टेबलाशी बसल्या, पाठ केली. "हं, उतर." काहीच आवाज नाही. सिस्टर वळल्या.

"आजोबा गप्प का?"

"त्यांना बूट घातलाय, सिस्टर," मिस्त्री म्हणाला. "हलत होतं ते."

सिस्टर हसल्या. त्या दिवशी वॉर्डात तीन नव्या बायका आल्या होत्या, एकीला ताप होता, फोन वाजत होता. "बरं, मी बघते. कर पुन्हा," त्या म्हणाल्या, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चेहऱ्याकडे बघितलं.

बाई हसली. तीनदा उतरली, तीनदा चढली, आणि सगळा वेळ हसत राहिली. पायघोळ गाऊनखाली डावा पाय कसा होता ते कोणाला दिसणार? मला कळत होतं. पोटरी तापलेली होती, तळवा घामाने ओला होता, भार अर्धा क्षणही टिकत नव्हता. मी ओरडायला हवं होतं. बुटात माझा आवाज अडकला होता, हे खरं. पण दुसरंही खरं आहे, ते सांगायची लाज वाटते. माझं लक्षच तिच्याकडे नव्हतं. दारात चाकाची खुर्ची येऊन उभी होती, आणि मी तिला माझा बूट दाखवत होतो.

सही झाली. सात नंबर खुर्चीत बसून गेली.

रविवारी दुपारी परत आणली. डावा पाय मांडीपर्यंत सुजलेला, ओठ पांढरे, दोन वाक्यं बोलली की धाप. सुट्टीचा दिवस, ड्यूटीवर तरुण डॉक्टर होता. त्याने विचारलं, "पाय कधीपासून दुखतोय?"

बाईने मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीचा चेहरा पिठासारखा झाला होता. तो बोलला ते मी स्वतः ऐकलं, हातभर अंतरावरून.

"इथलं हे स्टूल लंगडं आहे, डॉक्टर. उतरताना मुरगळला असेल. मी दुरुस्तही करून दिलं होतं."

डॉक्टरने मला पायाने हलवून बघितलं. "मावशी, हे भंगारात टाका." आणि पायाला मुरगळल्याची पट्टी बांधायला सांगितली.

मावशीने पहिल्यांदा मला हाताने उचललं. जिन्याखालच्या खोलीत, मोडक्या पाळण्याशेजारी नेऊन ठेवलं. वॉर्डाचा उंबरा मी ओलांडला तो असा. तिथे मी काय विचार केला असेल? बाईचा केला म्हणालो तर खोटं होईल. आधी स्वतःचाच केला. ज्याने बूट घातला त्यानेच लंगडा म्हणून बाहेर काढलं, हेच डोक्यात घोळत होतं. बाईचा विचार नंतर आला, आणि आला तो गेला नाही. तो पाय मुरगळलेला नव्हता. मला माहीत होतं आणि मी जिन्याखाली होतो.

दोन वाजता सिस्टर ड्यूटीवर आल्या. लांबूनच त्यांचा आवाज आला. "सात नंबर परत कशी? आणि आजोबा कुठे आहेत?" मावशीने सांगितलं असणार. दार उघडलं. सिस्टरांनी मला उलटं केलं, नखांनी ओढून ओढून बूट उपटला, मला काखेत मारलं आणि तशाच वॉर्डात गेल्या. सात नंबरजवळ मला ठेवलं आणि माझ्यावर बसल्या. बाईकडे पाठ करून. टक.

"मी तुझ्याकडे बघत नाहीये," त्या म्हणाल्या. "हसायची गरज नाही. कधीपासून दुखतंय?"

मग बाई म्हणाली, "गुरुवारपासून. स्टुलावर चढायच्या आधीपासून."

"मुरगळला होता?"

"नाही. मी तिला तीन झोपा सांगितल्या होत्या, सिस्टर."

सिस्टर उठल्या, टक, आणि त्या वयात मी त्यांना पळताना बघितलं. मोठे डॉक्टर घरून आले. पायाच्या आत रक्ताची गाठ झाली होती, तिचा तुकडा सुटून छातीकडे गेला होता. अजून तास-दोन तास गेले असते तर काय, हे डॉक्टरांनी पूर्ण वाक्यात सांगितलं नाही. इंजेक्शनं चालू झाली. बाई वाचली. आणखी नऊ झोपा लागल्या. सिस्टरांनी मुलीला वॉर्डात आणायची परवानगी काढली, ती रोज येऊन आईच्या पलंगावर बसून चित्रं काढायची. चढायला माझ्यावरूनच चढायची. एवढासा भार, टक यायचा नाही.

नवव्या दिवशी बाईने माझ्यावर पाय ठेवला. एक स्वच्छ टक. तीनदा. सिस्टर पाठमोऱ्या होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले ते मी बघितलं. मग खाली वाकून माझ्या पत्र्यावर हात ठेवला. "चुकलं माझं, आजोबा. मी चेहऱ्याकडे बघितलं."

आता वॉर्डात माझे भाऊ नाहीत. नवे पलंग आलेत, बटण दाबलं की आपोआप खाली बसतात, बाईचे पाय थेट जमिनीला. त्यांना स्टूल लागत नाही. त्यांच्या बटणाला दिवा आहे, हिरवा. मला काय वाटतं ते सांगायची गरज नाही. किती दिवस ठेवायचं ते छापील कागदावर असतं. सिस्टर पोरींना सांगतात, कागद वाचा, पण पायाला हात लावून बघा, एक पोटरी दुसरीपेक्षा गरम आहे का बघा, आणि बाई हसायला लागली की पाठ करा. मी या शिकवायच्या खोलीत असतो. माझ्यावर चढतात त्या सगळ्या धडधाकट पोरी. पोटाला टाके नसलेल्या. त्यांचा टक मला पुळचट लागतो. त्यांना एवढंच सांगणं आहे, की कोणी घरी जायची घाई करत असेल तर तिच्या मागे कोण झोपा मोजतंय ते आधी विचारा.

सहा महिन्यांनी सात नंबर भेटायला आली होती. कडेवर मुलगा, बोटाला मुलगी. मुलीला माझ्यावर उभं केलं. तोवर ती थोडी वजनदार झाली होती. टक.

"याला आजोबा का म्हणतात?"

"याला विचारल्याशिवाय कोणाला घरी सोडत नव्हते," आई म्हणाली.

"मग तुला का सोडलं?"

आई पुढे झाली. मुलीला उतरवलं, वाकली, आणि माझ्या आखूड पायाला हात लावला. "चुकलं हं आजोबा," म्हणाली, लहान मुलाशी बोलावं तसं. मी घेतलं ते. बुटाला हुरळून मी गप्प बसलो, त्याचं मीही तिला टक करून सांगितलं, तिला कळलं असेल तर.

तोही आला होता. दारातच उभा होता, नव्या चपला घालून. माझ्याकडे बघितलं, खाली बघितलं, मग खिडकीकडे बघितलं. खिडकीची कडी ढिली होती. तो पुढे आला, स्क्रू ड्रायव्हर काढला, कडी घट्ट केली, दोनदा उघडून लावून बघितली. आणि गेला. कडी आजही चांगली लागते. एवढा लांब आला, खिडकी दुरुस्त केली, आणि माझ्यापुढून गेला.

सिस्टरांचं झालं. बाईचं झालं. त्या तरुण डॉक्टरानेही एकदा येऊन पत्र्यावर थाप मारली. राहिलाय एकच. त्याला निरोप द्या, की येताना हत्यारं आणू नकोस, बूटही नको. रिकाम्या हाताने ये, माझ्यावर बस, भार टाक, आणि दोन शब्द बोल. मी वाट बघतोय म्हणावं, मिस्त्री.